मादुकाची पेटी

नायजेरियातून फुटून निघालेला बियाफ्रा हरला हे रेडिओवर सांगितलं त्याच दुपारी कॅप्टन ओकेझी आपल्या उमुओक्वे गावात परतला. अंगावर कुणाची तरी फाटकी लुंगी, काखेत पत्र्याची पेटी. गणवेश त्यानं वाटेतल्या ओढ्यात फेकून दिला होता. पेटी मात्र टाकवली नव्हती. पेटीत त्याच्या नेमणुकीचं पत्र होतं, बढतीचे कागद होते आणि छाती फुगवून काढलेले फोटो होते. एवढी लढाई झाली, माणसं पाचोळ्यासारखी उडून गेली, पण साहेबांचे कागद एकदाही भिजले नाहीत.

ते भिजले नाहीत मादुकामुळं. मादुका हा साहेबांचा हरकाम्या शिपाई, याच गावचा. पेटी तोच डोक्यावर वाहायचा, आणि साहेबांपुढं ठेवली की झाकणावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करायचा. ओकेझीला त्या सवयीची चीड होती. "दार आहे का ते, गाढवा?" असं म्हणून तो इतर अधिकाऱ्यांकडं बघून हसायचा. शेवटच्या माघारीत पेटी खंदकातच राहिली, तेव्हा त्यानं मादुकाला तोफांच्या माऱ्यात ती आणायला धाडलं. मादुकानं पेटी आणली, साहेबांपुढं ठेवली आणि पोट धरून खाली बसला. "साहेब, मला इथं टाकू नका," एवढंच म्हणाला. एका माणसाला दोन्ही वाहणं शक्य नव्हतं. साहेबांनी पेटी उचलली.

आता सरकारी सैनिक घरांची झडती घेत होते. ज्याच्याकडं असे कागद सापडत त्याला उचलून नेत. कुठं ताजी उकरलेली माती दिसली की तीही खणत, फक्त थडग्याला हात लावत नसत. हे कळल्यावर ओकेझीला युक्ती सुचायला वेळ लागला नाही. मादुकाची म्हातारी आई उगोये रोज त्याच्या अंगणात येऊन पोराची खबर विचारत होती.

"आणलाय त्याला," त्यानं तिला सांगितलं. "पेटीत हाडं आहेत. उघडू नकोस, बघवणार नाही तुला."

म्हातारीनं पेटी छातीशी धरली आणि मग तिला काही विचारायचंच उरलं नाही.

गावची रीत अशी, की परगावी मेलेल्याला जो घरी आणतो, त्यानंच खड्ड्यात वाकून मातीला त्याचं नाव सांगायचं. ताडीचा भोपळा घेऊन वडीलधारे अकुजोबी पुढं आले. गाव त्यांना देदे म्हणायचं. त्यांनी ओकेझीच्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

"जपून बोल रे पोरा. जे नाव सांगशील ते पेटीत असेल त्याला लागेल."

"लागू द्या की, देदे," ओकेझी म्हणाला. अडाण्यांचे हे सोहळे बघून त्याला हसू आवरत नव्हतं. तो वाकला आणि म्हणाला, "हा मादुका. उगोयेचा मुलगा." अकुजोबींनी ताडी ओतली. मातीनं ती झटकन शोषून घेतली.

सैनिक आले तेव्हा उगोये ढिगावर पडून रडत होती. ते मान खाली घालून निघून गेले. ओकेझी चुलीमागं लपून हे बघत होता, आणि आपल्या हुशारीवर खूश होता. असल्या माणसाला लाज कशी ती ठाऊकच नसते.

पावसाळा उलटला. जुन्या अधिकाऱ्यांपैकी काहींना सैन्यात परत घेणार, कागद दाखवा आणि हुद्दा मिळवा, अशी बातमी आली. बाजाराच्या दिवशी, गाव रिकामं असताना, ओकेझी कुदळ घेऊन निघाला. हरमॅटनचा कोरडा वारा सुटला होता. पांढऱ्या धुळीत सूर्य फिका पडला होता आणि दहा हातांवरचं झाड दिसत नव्हतं. कुदळ पत्र्यावर वाजली. त्यानं पेटी ओढली, तर ती हलेना. एकेकाळी ती त्याच्या काखेत मावली होती. आता तिला माणसाचं वजन आलं होतं.

त्यानं तिथंच झाकण उघडलं. कागद जसेच्या तसे, कोरडे. फोटोत तोच, छाती फुगवलेला. दुसरं काही नव्हतं. "भित्रट कुठला," तो स्वतःलाच म्हणाला. काखेत काही ती येईना, म्हणून कशीबशी डोक्यावर चढवली. डोक्यावर येताच ती अगदी हलकी झाली.

वाटेत अकुजोबी ओट्यावर बसले होते. त्यांनी त्याला पाहिलं, आत गेले आणि दार लावून घेतलं. पुढं बाजारातून येणारी उगोये धुळीतून समोर आली. तिच्या हातातली कसाव्याच्या कंदांची टोपली गळून पडली.

"किती उशीर केलास रे, मादुका..."

"ओकेझी आहे मी, म्हातारे," तो खेकसला आणि पुढं निघाला. पण पोटाशी लुंगी ओली लागत होती. खाली बघायचं त्यानं टाळलं.

घरी त्याची आई कसावा किसत बसली होती. तिनं मान वर केली, मग त्याच्या मागं, फाटकाकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

"तू एकटाच?" तिनं विचारलं. "माझा ओकेझी कुठंय? कुठं टाकून आलास त्याला?"

"आई... मीच..."

त्यानं पेटी खाली ठेवली, फोटो काढला आणि तिच्यापुढं धरला. तिनं तो हिसकावून घेतला आणि छातीशी कवटाळला. "हाच," ती रडत म्हणाली, "हाच माझा ओकेझी. कुठंय तो, मादुका?"

त्यानं झाकण लावलं. मग त्याचा हात आपसूक पुढं गेला, आणि पेरांनी पत्र्यावर दोनदा टकटक केली.

आतून एक आवाज आला. हळू, कळवळलेला... आणि ओकेझीचाच.

"मादुका... मला इथं टाकू नकोस."