तीन ठोके

ही हकिकत खरी आहे. ज्यांच्यावर ती गुदरली, ते नळकाका अजून त्याच घरात राहतात. पण त्यांच्यासमोर कुणी हा विषय काढत नाही.

भुताखेतांच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे.

ही घडली दुपारी. साडेतीनच्या सुमारास. धुकं मात्र होतं...

नळकाकांची सगळी हयात लोकांचे नळ दुरुस्त करण्यात गेली. म्हणून हे नाव. म्हातारपणी त्यांनी गावाबाहेर एक बैठं घर घेतलं. घरामागे झाडीचा मोठा तुकडा होता. दाट आणि बारा महिने ओला. पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत.

त्या झाडीतलं पाणी मुरत मुरत घराच्या पायाखाली येई. फरशीला घाम फुटे. भिंतीवर ओल कमरेएवढी चढे.

काका-काकूंनी ते चालवून घेतलं असतं. पण त्यांची लेक आणि सहा वर्षांची नात कायमच्या तिथे राहायला येणार होत्या. नातीला सगळे टिकली म्हणत. टिकलीला दम्याचा त्रास होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, “ओलीच्या घरात ही मुलगी ठेवू नका. घर सुकवा, मग आणा.”

“आयुष्यभर दुसऱ्यांची गळती काढली,” काका म्हणाले. “आता स्वतःची काढतो.”

त्यांनी एक छोटा ट्रॅक्टर आणला. झाडांच्या मधून जाईल एवढाच. पुढे बकेट, मागे चर खणायचा लोखंडी हात. काकूंनी त्याला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, बोकड.

“अहो, तुमचा बोकड घरात नका आणू. अंगण चिखलाने भरलंय.”

“बोकड नाही गं, हत्ती आहे तो!”

“हत्ती एवढा खोकत नाही.”

काम काकांनी शिस्तीत सुरू केलं. खालच्या नाल्यापासून वर झाडीत खणत जायचं, म्हणजे खणलेल्या चरातून पाणी आपोआप मागे उतरतं. आधी दहा दहा पावलांवर खुंट्या ठोकायच्या. पडलेले ओंडके साखळीने ओढून काढायचे. जिथे जमीन दबते तिथे तोडलेल्या फांद्या आडव्या अंथरायच्या आणि त्यांच्यावरूनच चाकं न्यायची.

आणि एक नियम.

ओल्या जमिनीत एकट्याने मशीन घालायचं नाही. कोरड्या काठावर कुणीतरी हवंच. आत मोबाइलला रेंज नव्हती. म्हणून काकांनी मागच्या दाराशी एक लोखंडी घमेलं साखळीने भिंतीला पक्कं टांगलं. शेजारी खिळ्याला एक पाना.

दर अर्ध्या तासाने काका दोनदा हॉर्न वाजवणार. म्हणजे, मी ठीक आहे. काकू घमेल्यावर एक ठोका देणार. म्हणजे, ऐकलं.

एकच लांब हॉर्न म्हणजे, अडकलोय. त्यावर तीन ठोके म्हणजे, आलेच, जागचे हलू नका.

आणि उत्तर आलंच नाही, तर काम थांबवून सरळ बाहेर यायचं. का, कसं, काही विचारायचं नाही.

तीन आठवडे हे सुरळीत चाललं.

त्या दिवशी काका डबा घेऊनच आत गेले. चर झाडीच्या मधोमध पोचला होता. तिथला पाणी साठलेला खळगा फुटला की काम फत्ते. दुपारी धुकं उतरलं. दहा पावलांवरची खुंटी दिसेना.

दोन वाजता त्यांनी दोनदा हॉर्न दिला.

ठण्ण.

छान. काका खणत राहिले.

अडीच वाजता पुन्हा दोनदा.

ठण्ण... पण हा ठोका जरा बसका वाटला. ओल्या फडक्याखालून आल्यासारखा.

“धुक्यामुळे असेल,” ते स्वतःशीच पुटपुटले.

तीन वाजता त्यांनी एकदा हॉर्न दिला. दुसऱ्यांदा द्यायला बोट उचललं...

ठण्ण.

दुसरा हॉर्न अजून वाजलाच नव्हता.

काका हसले. “घाई झालीय बाईंना. चहा टाकला असेल.”

पण एक गोष्ट त्यांना खटकली. घर त्यांच्या पाठीमागे होतं. आणि हा आवाज...

समोरून आला होता.

वीस मिनिटांनी बोकड अडकला. पुढचं डावं चाक फांद्यांवरून घसरलं आणि खळग्यात गेलं. काकांनी मागे घ्यायचा प्रयत्न केला. चाक जागच्या जागी फिरलं आणि आणखी एक वीत आत बसलं. त्यांनी इंजिन बंद केलं. जोर लावला की ओली जमीन आणखी गिळते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी एक लांब हॉर्न दिला.

शांतता.

पक्षी नाही. पानांवरून गळणारं पाणी नाही. काहीच नाही...

मग ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

आलेच. जागचे हलू नका.

काका निवांत टेकून बसले. काकू रस्त्यापलीकडच्या लाकडाच्या वखारवाल्याला हाक मारेल, तो दोर घेऊन येईल, तासाभराचं काम. पाय ठेवायच्या पत्र्यावर पाणी आलं. त्यांनी पाय वर घेतले.

दहा मिनिटं गेली.

मग चिखलात पावलं वाजली. पचक... पचक... एकाच माणसाची. सावकाश.

“अगं, एकटीच कशाला आलीस? फांद्यांवरून ये!”

पावलं थांबली.

धुक्यात कुणी दिसेना. 

“अगं ए! चेष्टा पुरे. पाणी चढतंय इथे.”

तेव्हा, अगदी जवळून, हाताने शिवता येईल एवढ्या अंतरावरून...

ठण्ण. ठण्ण. ठण्ण.



घमेलं साखळीने भिंतीला बांधलेलं होतं. त्यांनी स्वतः बांधलं होतं. ते चालत झाडीत येणार कसं?

ते ट्रॅक्टरवरून मागच्या बाजूला उतरले. फांद्यांवरून, मग चराच्या कडेने, एकेक खुंटी हाताने चाचपत निघाले. मागे पाहिलं नाही. तिसऱ्या खुंटीपाशी एक बूट चिखलात राहिला. तो त्यांनी तिथेच सोडला.

मागे पावलं येत नव्हती.

फक्त ठोके येत होते. तीन... थांबून पुन्हा तीन. जागचे हलू नका. जागचे हलू नका.

घर बंद होतं. घमेलं जागेवर, पाना खिळ्याला. ओट्यावर थर्मासखाली चिठ्ठी होती.

‘टिकलीला जोराचा दम लागलाय. फोन आला. दीडच्या बसने जाते. काठावरून हाका मारल्या, तुमच्या बोकडाच्या आवाजापुढे कुणाचं चालतंय! उत्तर मिळणार नाही, म्हणजे बाहेर याल. भाजी झाकून ठेवली आहे.’

दीडची बस.

मग दोन वाजता कोणी ऐकलं?

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. वखारवाला मोठं मशीन घेऊन आला आणि जाड तारेने बोकडाला बाहेर ओढलं.

“काका, नळ सोडून जंगलाची गळती काढायला कशाला गेलात?” तो हसत होता.

मग त्याचं हसू मावळलं. चाकाच्या खड्ड्यात गंजका पत्रा दिसत होता. मडगार्ड. त्याखाली सीट, तिरकं झालेलं स्टिअरिंग. एक जुना ट्रॅक्टर, पूर्ण गाडलेला.

मडगार्डवर एकाच जागी पोचे पडले होते. शेकडो. कुणीतरी बसून ठोकल्यासारखे.

कुणी हरवल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. माणसाचा मागमूस नव्हता. ज्याने ठोकलं ते हत्यारही सापडलं नाही.

काकांनी तो ट्रॅक्टर तिथेच ठेवला आणि चर त्याला वळसा घालून नेला. घर सुकवायचं होतं. पुढे काकू स्वतः खुर्ची टाकून काठावर बसल्या आणि काका त्यांच्या नजरेच्या टप्प्यातच राहिले. आठवड्यात खळगा फुटला. पाणी नाल्याला लागलं. दोन महिन्यांत भिंती कोरड्या ठाक झाल्या.

टिकली आली. अंगणात धावली तरी तिला दम लागेना. काकूंनी देवापुढे नव्हे, बोकडापुढे हात जोडले.

काकांना पोरांना शिकवायची भारी हौस. त्यांनी टिकलीला सगळं समजावून सांगितलं. चर कसा उतरता खणतात, पाणी उताराकडे का जातं. घमेल्याची खूणही शिकवली. दोन हॉर्नला एक ठोका. एका लांब हॉर्नला तीन.

हीच त्यांची चूक झाली.

थंडीत पुन्हा धुकं पडलं. दुपारी काका शेडमध्ये बोकडाला तेल देत होते. चावी त्यांच्या खिशात होती.

झाडीतून एक लांब हॉर्न आला.

घोगरा... चिखल भरलेल्या गळ्यातून यावा तसा.

काकांनी तेलाचा डबा खाली ठेवला. आपण ऐकलंच नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आणि तेवढ्यात घरामागून...

ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

ते धावले. मागच्या दाराशी स्टूल होतं. टिकली त्यावरून उतरून पायरीवर बसली होती आणि आपले छोटे रबरी बूट घालत होती.

“काय केलंस तू, बाळा?”

“तीन वाजवले, आजोबा. कुणीतरी अडकलंय ना?” दुसऱ्या बुटात पाय घालत ती म्हणाली. “मी आलेच म्हणून सांगितलंय. आता जायला हवं.”

त्याच संध्याकाळी लेक आणि टिकली शहरात परत गेल्या. का, ते काकांनी लेकीला धड सांगितलं नाही. ती रागावली. अजून थोडी रागावलेलीच आहे.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी चर बुजवायला घेतला. त्याच बोकडाने. महिन्याभराचं काम पाच दिवसांत उलटं केलं. पाणी परत खळग्यात भरलं, आणि जुना ट्रॅक्टर त्याखाली गेला. आवाज थांबले.

गावातले लोक म्हणतात, म्हातारा चळला. एवढा सुरेख चर कुणी बुजवतं का?

काका ऐकून घेतात. रोज सकाळी उठले की ते मागच्या भिंतीवर तळहात ठेवतात. ओल लागली की श्वास सोडतात. मगच चहा घेतात.

यंदा पाऊस फार कमी झाला.

परवा काकूंनी पाहिलं. चहा निवून गेला होता, आणि काका भिंतीपाशीच उभे होते. हात खाली... आणखी खाली... फरशीपर्यंत नेत.

भिंत कोरडी होती.

आणि झाडीच्या बाजूला धुकं उतरायला लागलं होतं.