तीन खोटे फोन

ही गोष्ट माझ्या सख्ख्या वहिनीची आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर सोडून द्या. मी मात्र तिला त्या गुरुवारी संध्याकाळी घरी येताना पाहिलंय. एकाच पायात चप्पल होती, आणि दुसरी कुठे राहिली हे तिला ठाऊक नव्हतं.

आणि रात्रबित्र काही नव्हती. लख्ख दिवस होता. इस्पितळाचा दुसरा मजला, संशोधन विभाग, बाहेर माणसांची ये-जा.

वहिनीचं काम सरळ होतं. हृदयाच्या एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. गोळी घेणारा पेशंट घरी गेला, की तिसाव्या दिवशी त्याला फोन करायचा आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. धाप लागते का? चक्कर येते का? झोप कशी लागते? फोन उचलला नाही, तर तीन वेगवेगळ्या दिवशी पुन्हा करायचा. त्या तिन्ही वेळा फॉर्मवर लिहायच्या आणि मगच शेरा मारायचा… ‘संपर्क होऊ शकला नाही’.

त्या पेशंटांमध्ये एक शिंपीणबाई होत्या. पन्नाशीच्या, भारी बोलक्या. खाटेवरही हातात सुईदोरा, आणि दोरा दातानं तोडायची सवय.

टक्.

वहिनीची उसवलेली बाही त्यांनीच शिवून दिली होती.

गोळी सुरू झाली आणि त्या सांगायला लागल्या, “ताई, छातीत मशीन धावल्यासारखं होतं हो.”

वहिनीनं मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी उडवून लावलं. “ताण आहे. घरी सोडा.”

घरी सोडलं. नवव्या दिवशी त्या गेल्या. नवऱ्यानं स्वतः फोन करून कळवलं.

आता ही मृत्यूची नोंद झाली असती, तर चाचणी थांबली असती. आणि महिन्याभरात डॉक्टर मोठ्या परिषदेत या गोळीवर भाषण देणार होते. ते वहिनीला म्हणाले, “संपर्क झाला नाही, असं लिहा. नोकरी टिकवायचीय ना?”

तिसावा दिवस उलटल्यावर वहिनीनं तसंच लिहिलं. न केलेल्या तीन फोनच्या वेळा मनानंच ठरवल्या. मंगळवार, सव्वा अकरा. बुधवार, अडीच. गुरुवार, पावणेपाच.

मला तिचा आजही राग येतो. पण तिच्या जागी मी असतो तर… जाऊ दे.

पुढच्याच मंगळवारी विभागातला फोन वाजला. वहिनीनं सहज घड्याळ पाहिलं.

सव्वा अकरा.

“हॅलो?”

कोणी बोलेना. मागे नुसती घरघर… एकसारखी… पायानं चालवायच्या शिलाई मशीनची.

मग तोच ओळखीचा आवाज आला. “ताई… डॉक्टर आहेत का?”

वहिनीनं फोन आपटला आणि धावत डॉक्टरांकडे गेली. ते हसले. “तिच्या घरच्यांचा चावटपणा असेल. उद्या मी बघतो.”

बुधवारी अडीचला ते खरोखरच फोनपाशी येऊन बसले. घंटा वाजताच उचलला.

“कोण आहे? पोलिसांत देईन!”

आणि मग ते ऐकतच राहिले.

वहिनी समोरच उभी होती. डॉक्टरांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. शाळेतल्या पोरासारखे ते एकेक उत्तर देऊ लागले.

“हो… जिना चढताना… थोडी लागते.”

“चक्कर? हो… आत्ताच आली.”

तासाभरात त्यांनी स्वतःच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सगळं ठणठणीत! हाताखालचे डॉक्टर म्हणाले, “सर, ताण असेल.”

गुरुवारी सकाळपासून त्यांचा हात छातीवरून निघेना. साडेचारला वहिनीनं मृत्यूचा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला.

“सर, सही करा. पाया पडते तुमच्या.”

“पाच वर्षं घातलीत मी यात. एका बाईपायी सगळं पाण्यात घालू?”

पावणेपाच.

फोन वाजला. डॉक्टरांनी भिंतीतून वायरच उपटली.

फोन वाजतच राहिला…

मग थांबला. आणि घरघर सुरू झाली. वहिनीनं फोनकडे पाहिलं. आवाज तिथून येत नव्हता.

तो डॉक्टरांच्या छातीतून येत होता.

वेग वाढला… आणखी वाढला… डॉक्टर टेबलाची कड धरून तिच्याकडे बघत राहिले…

टक्.

भरल्या इस्पितळात, दहा डॉक्टर भोवती असताना, त्यांना कोणी वाचवू शकलं नाही. कशानं गेले, तेही कळलं नाही.

वहिनीनं दुसऱ्या दिवशी खरा फॉर्म वर पाठवला. चाचणी बंद झाली. तिनं नोकरी सोडली. तरी मनाची टोचणी जाईना, म्हणून ती शिंपीणबाईंच्या घरी गेली. नवऱ्यानं दार उघडलं, खुर्ची दिली.

“काका, ते खोटं मीच लिहिलं. मला माफ करा.”

त्यांना नवल वाटलं नाही.

“माहीत आहे मला. हिचा फोन येतो ना.”

वहिनी खुर्चीतून अर्धी उठली.

“डॉक्टरांचं तिनंच बघितलं. तुमचं माझ्यावर सोडलंय. म्हणते, तुम्ही म्हणाल तसं करते.”

“मग… तुम्ही काय म्हणालात?”

“अजून काहीच नाही. अठ्ठावीस वर्षांचा संसार होता, ताई. विचाराला वेळ लागतो.”

याला चार महिने झाले. वहिनी दर रविवारी त्यांच्याकडे जाते. केर काढते, भांडी घासते, दोन वेळचं करून ठेवते. ते नको म्हणत नाहीत. काय ठरलं, तेही सांगत नाहीत.

मी तिला आणायला जातो. परवा ती आत हात धूत होती, तेव्हा ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले…

“तुमच्या वहिनींची मुलं फार लहान आहेत का हो?”

मी हो म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि आत गेले.

मी बरोबर उत्तर दिलं की चूक, हे मला अजून कळलेलं नाही.