भिंतीची पलीकडली बाजू

अमेरिकेतल्या हार्लो शहराच्या पूर्व टोकाला, जुन्या भिंतीला खेटून उभ्या केलेल्या प्रयोगशाळा-गाडीत डॉ. मृण्मयी आगाशे पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर सरळ रेघ होती. रेघ सरळ म्हणजे आवाज नाही, एवढं कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. शेजारी बसलेल्या मिस ओडेसा ग्रिग्सनाही ते कळलं.

काळ्यांची वस्ती गोऱ्यांच्या वस्तीपासून वेगळी ठेवायला ही भिंत बांधली होती. उंची माणसाच्या डोक्याच्या जरा वर, बस्स. तेवढ्यानं एका शहराची दोन शहरं झाली. ती पाडावी म्हणून ओडेसाबाईंनी उभा जन्म महापालिकेत खेटे घातले, आणि आता सोमवारी ती पडणार होती. त्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती. त्या सहा वर्षांच्या असताना आई गेली. तिचा फोटो होता, पण आवाज कसा होता तेच आठवेनासं झालं होतं.

"पुन्हा एकदा बघ ना, पोरी. ती रंगवताना सारखी बोलायची."

"बघितलं, मिस ओडेसा," मृण्मयी म्हणाल्या. "दुधावर साय धरते ना, तसा तेलरंग वरून खाली वाळत जातो. त्या वेळी जवळ कुणी बोललं की त्याचा कंप त्या क्षणाच्या थरात अडकून बसतो. आमचा ध्वनिवाचक तोच वाचतो. पण वरून नवा हात मारला, की त्यातलं रंग पातळ करायचं टर्पेंटाइन खालची साय भिजवतं. मग खालचा आवाज गेला."

"म्हणजे शेवटचाच हात बोलतो," यंत्र सांभाळणारा कॉर्नेलियस टेट म्हणाला. तो याच शहरातला.

दर वसंतात भिंत रंगवायची प्रथा ओडेसाबाईंच्या आईनंच सुरू केली होती. डोळ्यांसमोर भिंत असायचीच, तर निदान रंगीत असू दे, म्हणून. आई गेल्यावर तिची आठवण म्हणून ओडेसाबाईंनी एकही वसंत चुकवला नव्हता.

"मग मीच पुसला की तिला," त्या म्हणाल्या.

कॉर्नेलियसनं विचारलं, "पलीकडची बाजू कोण रंगवायचं?"

"एकदाच रंगवली ती. गोऱ्यांनी मजूर लावले होते. आईही होती त्यांत, तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात. आमच्या हातचा रंग चालायचा, आम्ही चालत नव्हतो." त्या कडवट हसल्या. "पुढच्याच वर्षी आमच्यातल्या एका कुटुंबानं तिकडे घर घेतलं आणि आमचा शेजार नको म्हणून गोरे भराभर घरं विकून निघून गेले. मग तिकडचा कारखानाही बंद पडला. तिकडे कोण कशाला रंगवतंय?"

बोलता बोलता त्या थांबल्या. मृण्मयी तोवर उठल्याही होत्या.

पलीकडे कमरेएवढं गवत होतं आणि छपरं बसलेली रिकामी घरं. भिंतीवर फिकट करडा रंग, जागोजागी पोपडे आलेला. ज्या शहरानं या गल्लीकडे ढुंकून पाहिलं नाही, त्यानंच तो जपला होता. कॉर्नेलियसनं ध्वनिवाचक शाबूत जागेवर टेकवला. पडद्यावरची रेघ हलली.

आधी ब्रशची सरसर, मग एका बाईचं गुणगुणणं. ओडेसाबाईंनी मृण्मयींचा हात घट्ट धरला. मग भिंतीपलीकडून, अगदी बारीक, एका मुलीचा आवाज आला.

"आई, तिकडे काय आहे गं?"

ब्रश थांबला.

"भिंतच आहे, बाळा. इकडूनही भिंतच दिसते."