ओल्या भिंतीची साक्ष

पुण्यातल्या प्रयोगशाळेत डॉ. शर्वरी केंजळे पडद्यासमोर बसल्या होत्या. पडद्यावर युरोपातल्या एका देशाच्या पेटंट कार्यालयातले तीन परीक्षक आणि विरोधी कंपनीचा वकील दिसत होता. शर्वरींच्या शेजारी त्यांचे वकील टिळेकर होते.

“तुमचं यंत्र सोप्या शब्दांत समजावून सांगा,” परीक्षकांच्या अध्यक्षीणबाई दुभाष्यामार्फत म्हणाल्या.

“आम्ही त्याला भित्तिश्रुती म्हणतो. गिलावा ओला असताना खोलीत कुणी बोललं, तर त्या कंपनांनी सिमेंटचे स्फटिक किंचित सरकतात आणि तसेच घट्ट होतात. आमचा लेझर ती रचना वाचून आवाज परत मिळवतो. वाळलेली भिंत मात्र पुढचं काही ऐकत नाही.”

सगळ्या जगाचं एकच पेटंट अशी काही चीज नसते. प्रत्येक देशाच्या दारात वेगळं उभं राहावं लागतं. शर्वरी आणि त्यांचे पती विश्राम यांनी आधी भारतात अर्ज केला होता. त्यानंतर बारा महिन्यांच्या आत परदेशी अर्ज केले, तर तिथेही भारतातलीच तारीख धरतात. तेही धावपळ करून झालं, आणि त्याच धावपळीत विश्राम हृदयविकाराने गेले. हे यंत्र कुणाच्या राहत्या घराच्या भिंतीला लागू द्यायचं नाही, फक्त न्यायालयांना आणि पुरातत्त्वज्ञांना द्यायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. पेटंट नसेल तर कुणालाही अडवता येणार नव्हतं.

विरोधी वकील उठला. “पहिल्या अर्जाच्या आधी हा शोध जगात कुठेही जाहीर झाला असेल, तर तो आमच्याकडे नवा ठरत नाही. तुमचा अर्ज प्रसिद्ध झाल्यावर त्यातल्या कृतीवरून आम्ही यंत्र बनवलं. मग डॉ. विश्राम जिथे जिथे बोलले, तिथल्या भिंती वाचल्या. सांगली जिल्ह्यातल्या त्यांच्या जुन्या शाळेत अर्जाच्या अडीच महिने आधी त्यांचा सत्कार झाला. मुख्याध्यापक निवृत्त होणार म्हणून त्याच कार्यक्रमात नव्या सभागृहाचं उद्घाटन गिलावा ओला असतानाच उरकलं होतं.”

शर्वरींना तो दिवस आठवला. ‘दोन शब्द बोललो, शाल-श्रीफळ घेतलं,’ असं विश्राम त्या दिवशी घरी सांगत होते. पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

वकिलानं त्या भिंतीतून मिळवलेला आवाज लावला. खरखर झाली आणि विश्राम बोलू लागले. लेझरची तरंगलांबी, कोन, गणिताची रीत – मुलांना समजेल अशा भाषेत त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी हसून म्हणाले, “पण हे आमच्या घरी सांगू नका हं! अर्ज होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, असा बाईसाहेबांचा हुकूम आहे.” पोरं खदखदून हसली.

टिळेकरांनी घाईघाईनं माइक बंद केला. “मॅडम, या भिंतीचं वाचन सदोष आहे म्हणा. आवाज ओळखू येत नाही म्हणा. त्यांच्याकडे दुसरा पुरावा नाही. तुम्ही नाही म्हणालात, तर संशयाचा फायदा आपल्याला मिळेल.”

“आणि हो म्हटलं तर?”

“तर हे पेटंट गेलं. उद्या त्या देशात कुणीही कुणाच्याही घराच्या भिंतीला कान लावील.”

शर्वरींनी डोळे पुसले. विश्रामचा त्यांना भयंकर राग आला होता. तीन वर्षांनी ऐकलेला त्यांचा आवाज सोडवतही नव्हता. त्यांनी माइक सुरू केला.

“वाचन बिनचूक आहे. तो माझ्या नवऱ्याचाच आवाज आहे.”

टिळेकरांनी मान खाली घातली. अध्यक्षीणबाईंनी निर्णय वाचला. अर्ज फेटाळला गेला.

“एक विचारू?” शर्वरींनी विरोधी वकिलाला थांबवलं. “त्या हुकमाच्या पुढे ते काय म्हणाले?”

त्यानं कागद चाळले. “पुढे त्यांचं बोलणं नाही, मॅडम. नुसत्या टाळ्या आहेत.”

“मग तेवढ्या तरी ऐकवा,” शर्वरी म्हणाल्या.