एका वेळी एकच माणूस

खरं प्रेम शोधून सापडत नाही, ते नशिबात असावं लागतं, असं जाणते लोक सांगतात. हिंजवडीला नोकरी असेल तर ते कंपनीच्या बसमध्ये असावं लागतं. बाकी आयुष्य उरतंच किती?

डिसेंबरातली सकाळ. कात्रजच्या डेअरीवरून तापल्या दुधाचा वास येत होता. सृष्टी खिडकीशी बसून मोबाईलवरची दोन अॅप्स आळीपाळीनं बघत होती. याआधी वापरलेल्या अॅपवर मुलं इतकी होती की तिचा अंगठा दुखायला लागला होता. हृदयाला काहीच झालं नव्हतं. ही दोन्ही सज्जन म्हणायची. 'निवांत' दिवसाला एकच मुलगा दाखवायचं. 'ध्यास' त्याहून कडक – एका वेळी एकच माणूस. त्याचा रीतसर निरोप घेतल्याशिवाय दुसरा नाही, आणि निरोप घेतलेला पुन्हा कधीच नाही.

घाई होती. बीडहून वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, बजावलं होतं, "संक्रांतीपर्यंत तुझं तू बघ. मग लातूरच्या इंजिनिअरला आम्ही हो म्हणतो." इंजिनिअरात खोट नव्हती. फक्त त्याचा फोटो बघताना तिला जांभई येई.

"निवांत बरं आहे," शेजारून आवाज आला.

आंबेगावच्या थांब्यावर चढलेला एक जण. डोळे हसरे, चेहरा मात्र गंभीर.

"तुम्ही नेहमी दुसऱ्याच्या फोनमध्ये बघता?"

"नाही हो. बस चालू असली की बाहेर बघतो."

बाहेर वारज्याचा पूल बराच वेळ वारज्याचाच पूल होता.

त्याचं नाव विक्रम. घरची शेती होती. तिथे आता सोसायटी उगवली होती. तो सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायचा. "दोन्ही अॅपवर आहे मी. विश्वास एकावरही नाही."

"आणि माणसांवर?"

"टेस्टिंग चालू आहे."

तिनं हसू खिडकीकडे वळवलं. काचेवर श्वासाचा इवलासा ढग उमटला… आणि विरला.

मग रोज तो शेजारी बसू लागला. 'निवांत'नं आदल्या दिवशी दाखवलेल्या मुलाची सकाळी चिकित्सा व्हायची.

"कालचा कसा?"

"ट्रेकिंग, कॉफी, आणि लाइफमध्ये क्लॅरिटी हवी म्हणतो."

"चष्म्याचा नंबर तपासायला सांगा."

एकदा बावधनच्या उतारावर धुकं इतकं दाटलं की बस ढगातून तरंगतेय असं वाटलं. सृष्टीचा डोळा लागला, डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. वाकड येईपर्यंत तो हलला नाही. उतरताना त्यानं बॅग डाव्या हातानं उचलली. उजव्याला मुंग्या आल्या होत्या. तिनं ते पाहिलं. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी तिनं 'निवांत' काढून टाकलं. रोज एकाला नाही म्हणायचा कंटाळा आला होता. 'ध्यास'वर आधीच्याचा रीतसर निरोप घेतला, तर पुढचाच चेहरा – विक्रम. तिनं श्वास रोखून होकार दाबला. पलीकडून लगेच होकार आला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये दोघं त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. तो तिच्यासाठी ओला हरभरा घेऊन आला. घाटे सोलता सोलता बोटं एकदा बोटांना लागली… मग जरा जास्तच वेळा लागली. अॅपवर मात्र कुणी काही लिहिलं नाही. मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसाला टाइप काय करणार?

संक्रांतीच्या आदल्या रात्री 'ध्यास'चा संदेश आला: 'आपल्यात संवाद आढळला नाही. आपले हेतू गंभीर दिसत नाहीत. निरोप घडवून आणला आहे.'

सकाळी विक्रम येऊन बसला. "संपलं म्हणे आपलं."

"हो. मला बाणेरचा पियुष दाखवलाय."

"मला खडकीची नम्रता. बरी वाटतेय."

"मग बोला की तिच्याशी."

बस थांबली. काचेवर धुकं होतं. सृष्टीनं तिकडे बघत म्हटलं, "आज अण्णांना कळवायचंय. लातूरला हो… की नाही."

 तो बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाला, "चूक शोधणं हा माझा धंदा आहे. तुमच्यात महिनाभर शोधतोय. सापडेना."

"मग?"

"मग… आता थांबावं म्हणतो. म्हणजे, शोधायचं थांबावं. तुम्ही लातूरला नाही कळवा ना."

"अहो, ही मागणी आहे की ऑफिसचा रिपोर्ट?"

"मागणी. ऑफिसचं काम मी इतकं मनापासून करत नाही."

तिचा हात आपोआप त्याच्या हातात गेला. दुसऱ्या हातानं तिनं बीडला फोन लावला.

"अण्णा, लातूरला नाही कळवा. मला एक जण आवडलाय. बसमध्ये भेटला."

"एसटीत?"

"कंपनीच्या बसमध्ये. रोज दोन तास शेजारी असतो."

"रोज दोन तास?" अण्णा गंभीर झाले. "लग्नाआधी तुझ्या आईशी मी एक वाक्य बोललो होतो. तेपण पाणी मागायला. बघू, घेऊन ये पोराला."

वैशाखात लग्न झालं. प्रवासाचा त्रास वाचावा म्हणून दोघांनी हिंजवडीतच फ्लॅट घेतला. ऑफिस तिथून चालत दहा मिनिटांवर आहे; बस लागत नाही.