आतून वाजलेली होडी

जुनी होडी निवडणं म्हणजे जावई निवडण्यासारखंच. समोर आणतात तेव्हा रंगरंगोटी करूनच आणतात, आणि खरं काय ते पदरात पडल्यावर कळतं. म्हणूनच त्या दुपारी किनाऱ्यावरच्या विक्रीच्या आवारात ती नवऱ्याबरोबर शिरली ती आधीच कपाळाला आठ्या घालून.

नवरा समुद्रावरचा पट्टीचा माणूस. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या होड्यांवर राबला. पण इंजिनाशेजारी उभं राहून राहून त्याचे दोन्ही कान गेले होते. अगदी कानाशी ओरडलं तरच काय ते ऐकू यायचं. यंदा एकाही मालकाने त्याला कामावर घेतलं नाही. हाक ऐकू न येणारा माणूस होडीवर नको, हे मालकांचं म्हणणं काही खोटं नव्हतं, आणि खोटं नव्हतं म्हणूनच तिला जास्त झोंबलं होतं. आता स्वतःची होडी घेणं एवढा एकच मार्ग उरला होता. गाठीला होतं ते एका जुन्या होडीपुरतं, आणि ओढूनताणून एखाद्या दुरुस्तीपुरतं. होडी सडकी निघाली की सगळं संपलं. मग नवऱ्याने उरलेलं आयुष्य किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांच्या होड्या जाताना बघायच्या.

ती कुंभाराची लेक. बाप प्रत्येक मडकं गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी बोटाच्या पेराने वाजवून बघायचा. खणखणीत वाजेल ते विकायचं, मुकं निघेल ते फोडायचं, असा त्याचा नियम. लाकडाचंही तसंच असतं. धड फळी खण् वाजते, कुजकी नुसती थप् करते. डोळे नवऱ्याचे आणि कान आपले, असं तिने घरून निघतानाच ठरवून टाकलं होतं.

दलाल इतका गोड बोलायचा, की त्याला मुंग्या कशा लागत नाहीत याचंच तिला नवल वाटलं. त्याने त्यांना थेट एका निळ्या होडीपाशी नेलं.

"बघा वहिनी, आरशासारखी आहे की नाही?"

तिने पेर वाजवलं. थप्. पुढची फळी, थप्. त्याच्या पुढची, तेच.

"आरसाच आहे," ती म्हणाली. "बघायला छान. बसायचं नाही त्यात."

दुसरी होडी अशी खणखणीत निघाली, की तिचे डोळे भरून आले. किंमत ऐकली आणि पुन्हा एकदा भरून आले. मग तिची नजर आवाराच्या पार टोकाला गेली. तिथे भिंतीलगत, लाकडी टेकूंवर, एक करडी होडी एकटीच उभी होती. रंग उडालेला, पण बांधा असा देखणा, की नवऱ्याने न बोलता तिचा हात दाबला.

"ती नको, वहिनी," दलाल म्हणाला.

"का? विकायची नाही?"

"विकायची आहे... दोन वर्षं झाली. मालक एकटाच जायचा तिच्यातून. एके दिवशी होडी परत आली. इंजिन चालू... जाळं आत ओढून घेतलेलं... मालक नाही."

"मग?"

"मग काय? सापडलाच नाही."

किंमत त्याने सांगितली ती निळ्या होडीच्या निम्म्याहून कमी. सांगितली, आणि वीसेक पावलं अलीकडेच थांबला.

ओहोटीची वेळ होती. पाणी लांब गेलेलं, वारा पडलेला. बाकीच्या होड्यांच्या दोऱ्या कुठे ना कुठे कुरकुरत होत्या, पण या टोकाला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. जवळ गेल्यावर वास आला. डांबराचा, जुन्या डिझेलचा, आणि त्याखाली ओल्या मिठाचा. दोन वर्षं पाणी न लागलेल्या होडीला ओला वास कसा, हे तिच्या मनात आलं आणि तिने ते बाजूला सारलं. स्वस्त वस्तूच्या बाबतीत माणूस असं बरंच काही बाजूला सारतो.

तिने नाळेजवळच्या, होडीच्या पुढच्या टोकाच्या फळीवर दोनदा पेर वाजवलं. खण्. खण्. काय लाकूड होतं! आणि लगेच आतून तसंच... ठक्. ठक्.

वा, घुमतेय, असं तिला वाटलं. चांगलं भाजलेलं मडकंही असंच घुमतं. ती खूश होऊन पुढच्या फळीकडे सरकली. पुन्हा दोनदा वाजवलं. पुन्हा आतून दोनदा, बरोबर तिच्या बोटासमोर. फक्त या वेळी मध्ये जराशी उसंत होती. घुमणारा आवाज कधी विचार करून घुमत नाही.

"अहो, तुम्ही आत काय करताय?" ती ओरडली.

खांद्यावर मागून नवऱ्याचा हात पडला. "काय झालं?"

भीती वाटली? वाटली म्हणजे काय, तिने फळीवरचा हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. दलाल का थांबला ते आता कळलं. सरळ मागे फिरावं, घर गाठावं... पण घरी जाऊन करायचं काय? हाच नवरा खिडकीत बसलेला बघायचा? तिने घामेजलं बोट पुसलं आणि पुढची फळी वाजवली.

आतला तिच्याबरोबर चालू लागला. ती एक फळी सरकली, की आतही काहीतरी ओढल्यासारखं सरकायचं. मग ठक्, ठक्. एकही फळी त्याने सोडली नाही. आणि मागे, इंजिनाखालच्या फळीपाशी आल्यावर तो गप्प झाला.

तिच्या कानाला तर फळी धड वाटली होती. तिने पुन्हा वाजवलं. काही नाही. पलीकडची वाजवली, तर उत्तर हजर. परत मागे आली... शांतता.

"चाकू द्या," तिने नवऱ्याच्या कानाशी ओरडून सांगितलं.

पातं मुठीपर्यंत आत गेलं. वरून डांबर आणि भरणा असा चोपडलेला होता की बापाची सगळी विद्या तिथे फसली असती. आत नुसता भुसा. ही एक फळी आणि भर समुद्रातलं पाणी! तिच्या अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी हसूही आलं. आत जो कोणी होता, त्याला आपली होडी तोंडपाठ होती. आणि तो खोटं बोलत नव्हता. बाहेरच्या दलालापेक्षा कितीतरी बरा!

नवरा शिडी लावून वर चढला, मासे ठेवायच्या खणाचं झाकण उघडून त्याने आत वाकून पाहिलं. "कोणी नाही," तो म्हणाला. "उंदीरसुद्धा नाही."

तिने चाकू तसाच फळीत ठेवून दलालाला लांबूनच हाक मारली. त्याने जवळ येऊन बघायचंही नाकारलं. तिने भाव पाडला, तो हो म्हणाला. आणखी थोडं ताणलं असतं तर स्वतःच वर काहीतरी देऊन मोकळा झाला असता.

सुताराने नवी फळी बसवली त्या दिवशी ती कामगार जाईपर्यंत थांबली. मग तिने नव्या फळीवर दोनदा पेर वाजवलं आणि श्वास रोखून धरला. बराच वेळ काही नाही. मग, जणू हात फिरवून पाहिल्यानंतर... ठक्. ठक्.

"पसंत पडली म्हणायची," ती पुटपुटली आणि तिला रडूच फुटलं.

पहिल्या फेरीला ती स्वतः बरोबर गेली, नवऱ्याचे कान म्हणून. किनारा दिसेनासा झाला तेव्हा डाव्या अंगाला, आतून, ठोकण्याचा आवाज आला. तिने नवऱ्याचा डावा दंड दाबला. त्याने लगेच सुकाणू वळवलं. जाळं वर यायला लागलं आणि येतच राहिलं. तो बावीस वर्षांचा मुरलेला खलाशी लहान पोरासारखा ओरडत होता. खण भरला, टोपल्या भरल्या, शेवटी पाय ठेवायला जागा उरली नाही.

पाण्यात खोल बसलेली ती करडी होडी धक्क्याला लागली, तेव्हा अख्खा किनारा बघायला जमला होता. त्याला कामावर न घेणाऱ्या मालकांपैकी एक पुढे आला. "काय रे, कान बरे झाले वाटतं तुझे?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

"कान त्यांचे नाहीत, मालक, माझे आहेत," ती म्हणाली, "आणि ते भाड्याने मिळत नाहीत!"

धक्क्यावर असा हशा पिकला, की मालकाला पळता भुई थोडी झाली. नवऱ्याला शब्द एकही कळला नसावा, पण तोही छाती फुगवून हसत होता. इतकं सुख तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

माल उतरला, लोक पांगले, नवरा बर्फ सांगायला गेला. उन्हं कलली होती. ती रिकाम्या खणात उतरली आणि फळीवर हात ठेवून म्हणाली, "उपकार झाले तुमचे. उद्या पुन्हा जायचंय... याल ना?"

तिने दोनदा पेर वाजवलं.

उत्तर आलं, पण आतून नाही. ते तिच्या पायाखालून आलं, तळाच्या बाहेरून, पाण्याच्या बाजूने. मग नाळेपाशी आलं. मग मागे. मग दोन्ही अंगांनी एकदमच. इतके ठोके एका माणसाच्या हातांचे नव्हते.

तिने मान ताठ केली. होडी तिची होती, दोन पैसे जास्त न मोजता, स्वतःच्या कानांनी पारखून घेतलेली.

"हे बघा..." ती म्हणाली. "एवढ्या जणांना जागा नाही."

खालून एकेक फळी वाजतच राहिली.