कुशाचा माणूस

गोरखा गावातल्या गढीखालच्या सरकारी कचेरीत मनरूपा बस्नेत भर दुपारी आली, ती ओळख पटवायला. मलेशियात कामाला गेलेल्या नवऱ्याचा बारा वर्षं पत्ता नव्हता. म्हणून रिवाजाप्रमाणे दिराने कुश गवताचा पुतळा करून नदीकाठी जाळला होता, तेरा दिवस सुतकही पाळलं होतं. आणि आता एक माणूस सांगत आला होता, की डिल्लीराज बस्नेत मीच.

व्हरांड्यात दीर खेमराजने तिला गाठलं. "वहिनी, तुम्ही हो म्हणालात तर दादाची जमीन मला सोडावी लागेल. मग तुम्ही मायलेकी कुणाच्या घरात राहणार, ते आधी ठरवा. पोरीचं लग्न तोंडावर आलंय."

"आणि खरंच तेच असले तर, भावजी?"

"तर जास्तच जपून बोला."

आत बाकावरच्या माणसाने मान वर केली. भुवईतला व्रण तोच, डोळे तेच. किती वाळला होता बिचारा.

"मनू," तो हळूच म्हणाला, "दमलीस ना चढून? बस जरा."

बारा वर्षांत तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. तिचा बांध फुटणार, तेवढ्यात मागे खेमराज खाकरला.

"हा माझा माणूस नाही," ती टेबलामागच्या साहेबांना म्हणाली. तिने कागदावर अंगठा उठवला.

शाई वाळते न वाळते तोच खोलीत करपल्याचा वास पसरला. तिने वळून पाहिलं. बाकावर तोच सदरा, तीच विजार... आणि आत अर्धवट जळालेलं कुश गवत, माणसासारखं बांधलेलं.

साहेबांनी कागदातून मान वर केली. "हा कचरा कुणी टाकला? बाहेर न्या."

खेमराजचा चेहरा पांढराफटक पडला, पण क्षणभरच. "एकदा जाळलाच आहे," तो कुजबुजला. "उचला, वहिनी."

मागच्या अंगणात पालापाचोळा पेटवलेला होता. वर गढीतल्या कालिकेच्या देवळात घंटा वाजत होती. तिच्या हातातला भारा कोमट होता, आणि त्याची छाती वरखाली होत होती.

"भावजी... हा श्वास घेतोय..."

"मग उरका लवकर."

ती वाकली. गवताची बोटं तिच्या शालीत अडकली होती. तान्ह्या लेकराची मूठ सोडवावी तशी तिने ती एकेक करून सोडवली आणि भारा आगीत ठेवला. भडका उडाला.

"मनू... मागे सर," आतून आवाज आला. "भाजेल तुला."

मनरूपा मागे सरली.